एसक्कीची काकणं

माझी बहीण हातांनी बोलते.
तूत्तुक्कुडीच्या मिठागरात हे सगळ्यांना ठाऊक आहे,
मुकादमाला, ट्रकवाल्याला,
बांधावरच्या बगळ्यांनासुद्धा.
'पाणी' म्हणताना तिची बोटं पाझरतात,
'मीठ' म्हणताना अंगठा तर्जनीवर घासतो,
आणि माझं नाव म्हणजे
डाव्या भुवईवरची खोक,
तिनंच केलेली, लहानपणी, विटीनं.

तिसऱ्या महिन्यात पेच्चियम्माळ आली.
ती सांगत गेली, मी हातांनी पोचवत गेले:
ग्रहणात उंबऱ्याबाहेर पाऊल नको.
पपई नको. तीळ नकोत.
सुईत दोरा ओवू नको.
दुधात केशर घाल.
(ते आणायचं कुठून, हे काही ती बोलली नाही.)
वाईटसाईट ऐकू नको...
इथं ती जरा अडखळली.
मग आवाज खाली आणून,
जणू एसक्कीला ऐकूच जाणार होतं,
"हिला म्हणावं, हात आवर.
गर्भ आतून सगळं शिकतो.
या खुणांनी पोर मुकंच निपजेल."

एवढं मात्र मी पोचवलं नाही.
तिनं ते म्हातारीच्या ओठांवरून उचललं.

चार महिने माझी बहीण गप्प होती.
आमच्या घरात आवाज तसा आधीही नव्हता,
पण हे गप्प बसणं निराळं.
मीठ ओढायचं फावडं तेवढं हलायचं,
एरवी हात काखेत दाबलेले.
मेहुणा काही विचारायचा, ती मान हलवायची.
हो, नाहीतर नाही.
झोपेत तेवढी बोटं सुटायची.
मोबाइलच्या उजेडात मी ती वाचायचे,
आणि वाचून झाल्यावर शरमायचे,
कुणाचं पाकीट फोडल्यासारखी.

सातव्यात वळैकाप्पू.
पाच घरांतून पाच भात आले,
चिंचेचा, लिंबाचा, नारळाचा, दह्याचा, गुळाचा.
गालांना चंदन.
आधी कडुनिंबाच्या काडीचं कडं,
मग काच, लाल आणि हिरवी,
एकेक बाई पुढे येऊन चढवत होती,
एकवीस या हातात, एकवीस त्या.
"किणकिण ऐकून पोर आतूनच आईला ओळखतं,"
कासार म्हणाला,
आणि बायका एकदम भाताकडे बघायला लागल्या.
त्या बिचाऱ्याला काय माहीत. तो तिरुचेंदूरचा.

एसक्कीनं मला कोपरानं ढोसलं.
भुवया वर. काय म्हणाला?
मी सांगितलं.
हातांनी, सगळ्यांच्या देखत, शब्दन् शब्द.

ती मनगटांकडे बघत राहिली.
एक मनगट दातांना टेकवून हलवलं.
मग पोटाला टेकवून हलवलं.
आणि मग चार महिन्यांचं साठलेलं
एका दमात बोलायला लागली.

मी डोळे मिटून घेतले.
जन्मात पहिल्यांदा मिटून घेता आले,
ती बोलत असताना.
'पाणी' बारीक होतं, उतरत जाणारं.
'मीठ' म्हणजे दोनच काकणं, एकमेकींना चाटून गेलेली.
'ये' कोपरापर्यंत घरंगळत जायचं
आणि तितकंच परत यायचं.
माझं नाव कपाळाशी खळकन वाजलं.
ते असं वाजतं, मला ठाऊक नव्हतं.
पेच्चियम्माळचा घास हातातच राहिला.

बोलत काय होती म्हणाल, तर विशेष काही नाही.
पाठ दुखते.
दहीभातात मीठ कमी आहे.
कासाराला पैसे देताना जरा घासाघीस कर.

दवाखान्यात नर्सनं काकणं उतरवली,
रीतीप्रमाणे ती तिचीच झाली.
दोन मी लांबवली.

परवा पोर दोन महिन्यांचं झालं.
त्याच्या डाव्या अंगाला हात नेऊन
मी ती वाजवली.
ते वळलं.

आवाजाकडे वळलं, की हाताकडे?
पेच्चियम्माळनं तीनदा विचारून झालंय.